गाडी तीच, हप्ता दुप्पट

गाडी तीच, रस्ता तोच, फाटक तेच, मग विम्याचा हप्ता दुप्पट कसा? नाही, तुम्हीच सांगा! मी विमावाल्या काकांना विचारलं, कंपनीच्या फोनवरच्या बाईंना विचारलं, गॅरेजवाल्याला विचारलं, त्याने तर हातातला पाना खाली ठेवून चांगला विचारबिचार केला आणि मला म्हणतो, "ऑइल बदललं होतंस का?" … घ्या!

तुम्हाला सांगतो, माझा दादा गेला. गाडीत नाही हां! विम्याचं नाव काढलं की लोक लगेच चेहरा पाडून, "अरेरे, कुठे धडकली?" … कुठेही धडकली नाही! दादाची गाडी आयुष्यात कुठे धडकली नाही. सकाळी घरातच गेला, एक पाय चपलेत, दुसरा घालायचा होता, छातीवर हात ठेवून खाली बसला तो बसलाच. आणि गाडी खाली उभी, फाटकाकडे तोंड करून, पुसूनबिसून तयार, जशी काही आत्ता हाक मारेल, "चला की!"

वहिनी पडदे शिवते. दादा गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन मापं घ्यायचा, रॉड ठोकायचा, पडदे लावून यायचा. गाडीत रॉड तिरका, पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत, मागे पडद्यांचे गठ्ठे आणि दादाच्या बरोब्बर मागे आमची आई. आईचं तिकडे काय काम? काही नाही! तिला फिरायला आवडतं. आणि दादा हा असा उंच, त्याची सीट पार मागे, त्यामुळे आई अख्खा रस्ता एकच तक्रार, "अरे मेल्या, सीट पुढे घे, माझे गुडघे हनुवटीला लागले!" आणि दादा आरशात बघून, "आई, तू बुटकी आहेस म्हणून बसतेस तरी. उंच असतीस तर डिकीत टाकली असती." रोज! तोच विनोद! आणि रोज दोघं हसायची.

तर दादानंतर गाडी कोण चालवणार? मी! धाकटा भाऊ कशाला असतो हो? अभ्यासात मी दिवेच लावले, शाळेने मला सोडलं की मी शाळेला हे अजून ठरायचंय, पण गाडी मला येते. मी छाती काढून म्हटलं, "वहिनी, तुम्ही फक्त शिवा. पोचवायचं माझ्यावर."

आणि तेवढ्यात विम्याची मुदत! शनिवारी संपणार. शनिवारच्या आत नाव बदलून विमा काढला नाही तर दादाची सूट जाणार. सूट म्हणजे काय, तर इतकी वर्षं त्याने एकदाही भरपाई मागितली नाही, म्हणून कंपनीने दरवर्षी हप्ता थोडा थोडा उतरवत आणला होता. काका म्हणाले, माणूस गेला तरी ती सूट बायकोच्या नावावर येते. मी म्हटलं, बघा! सोनं नाही, जमीन नाही, माझ्या भावाने मागे काय ठेवलं, तर सांभाळून गाडी चालवली ते ठेवलं! ते मी जाऊ देतो होय?

लावला कंपनीला फोन. पलीकडून एकदम साखर.

"गाडी कोण चालवणार, सर?"

"मी."

"आपलं वय, सर?"

"बावीस."

खट खट खट खट…

"लग्न झालंय का, सर?"

आता गाडीच्या विम्यात माझं लग्न कुठून आलं? मी म्हटलं, "का, स्थळ आहे का?"

बाई हसल्या नाहीत. त्यांना हसायची परवानगी नसावी.

"आधी गाडी कोण चालवत होतं, सर?"

"दादा."

"ते यापुढेही चालवतील का, सर?"

… काय सांगायचं? तुम्ही काय सांगितलं असतं? मी म्हटलं, "सध्या नाही."

आणि मग त्यांनी आकडा सांगितला. दुप्पट! सूट धरून दुप्पट! मी ओरडलो, "अहो बाई, गाडी तीच आहे ना!" तर म्हणतात, "हो सर, पण चालक बदललाय. तरुण चालक म्हणजे धोका जास्त." मी म्हटलं, "माझा दादा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा होता, धोका तर त्याला झाला!" … बाई म्हणतात, "आणखी काही मदत करू शकते का, सर?"

धावत गेलो विमावाल्या काकांकडे. हे काका एवढे हळू बोलतात की आपल्यालाच लाज वाटते ओरडायची. मी म्हटलं, "काका, तो सगळ्यात स्वस्तातला द्या, थर्ड पार्टी."

"तसं नाही, बाळा. त्यात तू दुसऱ्याला ठोकलंस तर त्याची भरपाई मिळेल. तुझी गाडी चेपली, जळली, चोरीला गेली, तर तुझं तू बघ."

"बघतो की!"

"कशाने बघशील? गाडी गेली तर वहिनी रॉड काय डोक्यावर घेऊन जाईल?"

बरोबर होतं. मला राग आला. बरोबर असलं की जास्त येतो. मी म्हटलं, "मग सगळं टाका! काच टाका, टायर टाका, इंजिनात पाणी गेलं तर टाका, किल्ली हरवली तर टाका!"

"किल्ली हरवते का तुमच्याकडे?"

नाही हरवत. दादा खिळ्याला लावायचा. अजून खिळ्यालाच असते.

"मग कशाला भरतोस? आणि छोटं नुकसान आम्हीच सोसू असं लिहून दिलंस तर हप्ता आणखी उतरेल."

मी म्हटलं, "काका, आमचं सोसून झालंय. आता तुमची पाळी."

काकांनी पाणी दिलं.

तर आता खरी भानगड सांगतो. बुधवारी पडदे पोचवायला म्हणून निघालो आणि फाटकाच्या खांबाला… हां, लागली. दादाच्या गाडीला, आमच्याच फाटकाशी! बंपर फाटला, दिवा लोंबकळायला लागला. वरून आईचा आवाज, "काय पडलं रे?" मी म्हटलं, "काही नाही, खांब!"

काका बघायला आले. बंपर बघितला. "भरपाई मागू नकोस. मागितलीस की दादाची सूट शून्यावर. हे खिशातून कर. विमा मोठ्या संकटासाठी ठेवायचा." एवढं बोलून थांबावं ना माणसाने? नाही! किती किलोमीटर झालेत ते बघायला दादाच्या सीटवर बसले, पाय लांब केले, पाय पोचेनात. आणखी लांब केले. टाचा हवेत!

"अरे, ही सीट एवढी मागे कशाला? तुझा पाय ब्रेकला लागतो तरी का?"

लागत नाही. आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी आईवर गेलोय, बुटका. मी गाडी चालवतो ते सीटच्या काठावर बसून, पाठ हवेत, अंगठ्याने ब्रेक! वहिनी हातातले पडद्याचे हुक मोजायला लागली. आई एकटक झाडाकडे बघत होती, त्या झाडावर काही नव्हतं. आणि काकांनी सहज, अगदी सहज हो, सीटखालच्या दांडीला हात घातला…

"नको!"

तिघं एकदम. आईचा आवाज तर सगळ्यात मोठा. जी बाई वर्षानुवर्षं "सीट पुढे घे" म्हणून ओरडली, ती!

काकांनी हात काढून घेतला. उतरले. बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत राहिले, मग एकदम वहिनीला म्हणाले, "तुमच्याकडे लायसन्स आहे ना? तुम्ही चालवलीत आणि याचं नाव चालकात घातलंच नाही, तर हप्ता जवळपास होता तेवढाच येईल. पूर्ण विमा, सूट धरून."

म्हणजे मी नाही! मी भडकलो. "मग मी काय करू? घरातल्या कर्त्या पुरुषाने काय करायचं?"

काका म्हणाले, "मागे बस. मागे बसणाऱ्याचं वय कंपनी विचारत नाही."

मी ताडकन निघून गेलो. कोपऱ्यापर्यंत. चप्पल राहिली होती म्हणून परत आलो, तर वहिनी तिथेच उभी. म्हणाली, "भाऊजी, यांच्या शेजारी बसून मी सगळे रस्ते पाठ केलेत. मला चालवू द्या. आणि तुम्हाला पण काही झालं ना, तर त्याचा विमा कुठली कंपनी काढते ते विचारून या आधी." ती कधी एवढं बोलत नाही.

शुक्रवारी मीच काकांना सांगितलं, काढा माझं नाव.

शनिवारी वहिनी गाडीत बसली. ती माझ्याहून बुटकी! ब्रेक कुठे, ती कुठे! स्टिअरिंग धरून बसून राहिली, दांडीला हात लावेना. मागे आई, गुडघे हनुवटीला, एक शब्द नाही. रॉड तिरका. गाडी तीच. गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय. कुणीतरी करायला हवं होतं ना?

मी दार उघडलं, खाली गुडघ्यावर बसलो, सीटखाली हात घातला आणि दांडी ओढली. जाम झाली होती, कित्येक वर्षं कुणी हलवलीच नव्हती. मग खट् झालं. मग आणखी एक खट्. वहिनीचा पाय ब्रेकला लागला. तिने आरसा खाली केला.

मी मागे जाऊन बसलो, खांद्यावर रॉड. आईच्या पुढ्यात ही एवढी जागा झाली होती, अख्ख्या आयुष्यात नव्हती एवढी, आणि ती पाय तसेच पोटाशी घेऊन बसलेली. मी वाकलो, तिचे दोन्ही पाय उचलले आणि पुढे लांब करून ठेवले.

म्हटलं, "पसर आता. हप्ता भरलाय."