तोच भाग पुन्हा

औसा बसस्थानकात माझ्या मागच्या बाकड्यावर दोघी बहिणी बोलत होत्या.

“पोटदुखी थांबली का गं, अक्षरा?”

“न्हाई, अक्का. हे रोज हातानं काढा करून देतेत, तरीबी. ही बघ, बाटली संगं दिली.”

“सोमेशराव? गॅस पेटवता येतो का त्यांना?”

“पॉडकास्ट ऐकत ऐकत करतेत. खुनाचा एकच भाग सारखा लावून राहिलेत. नवऱ्यानं बायकोला विष घातलं. पोलिसांनी पुरलेलं मढं उकरलं, हाडात विष निघालं आन् नवरा सापडला.”

“आपल्यातबी पुरतेतच की.”

“हाव. काल हे मठात जाऊन स्वामींना इचारून आले, लिंगायताला जाळलं तर चालतंय का म्हणून.”

“कोण गेलंय तुमच्यात?”

“कुणीच न्हाई की.”

“ती बाटली हिकडं दे. आज घरी जायचं न्हाई तू.”