फोटोबाहेरचे हात

देणग्या देणाऱ्या संस्थेच्या बाहेरच्या खोलीत एक विज्ञानशिक्षिका शाळा तपासण्याच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी थांबली होती. भिंतीवरच्या फोटोतल्या कर्णबधिर मुलांच्या कानांत नवी यंत्रं होती, पण एकही मूल कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. तिच्या शेजारी आत्या-भाची बसल्या होत्या.

“बघ, आपल्याच शाळेचा फोटो! यंत्रं दिली की लगेच बातमी.”

“आत्या, मुलं माझ्या हातांकडे बघतायत. मी खुणा करत होते.”

“आणि शिकवणाऱ्यांच्या पगाराला अनुदान मागितलं, की नियमात बसत नाही म्हणे! वर या संस्थेने आपल्याच दोघी शिक्षिका पळवल्या, शाळा तपासायला!”

“पळवल्या नाहीत. पगार दिला.”

“तू कुणाच्या बाजूची गं?”

“वर्षभर फुकट राबतेय मी. घरचीच आहेस म्हणतेस. घरच्यांना पोट नसतं?”

“आज आत गेले की चांगली खडसावते त्यांना. तू फक्त पाठीशी राहा. तुझ्याशिवाय पोरांना आहे कोण?”

शिपायाने मुलाखतीसाठी पहिल्या उमेदवाराला हाक मारली. भाची उठली.

“अगं, बस. आपल्याला नाही बोलावलं.”

“मला बोलावलंय. सांगेन सांगेन म्हणत इतके दिवस गिळत आले. आत्या, मी शाळा सोडतेय.”