आरपार वारा

सर्बियातल्या निश शहरात, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे देसांका मावशी होत्या आणि टेबलामागे दुरुस्ती करणारा ओग्न्येन.

“मावशी, तुमच्या लॅपटॉपला ताण देणारी एक कमांड दिलीय. प्रोसेसर मरेस्तोवर राबतोय, पण बघा, बंद पडत नाही.”

“घरी पडतो ना. व्हिएन्नातल्या मुलाशी बोलताना नेमका!”

“घरी ठेवता कुठे?”

“खिडकीपाशी. वारा लागू नये म्हणून लोकरीची शाल गुंडाळते.”

“शाल? अहो, गुदमरतो तो! त्याला वाराच हवा असतो.”

“म्हणून दार-खिडकी दोन्ही सताड उघडी टाकलीस? असा आरपार वारा बाधतो रे!”

“हो. वाऱ्याने काही होत नाही, मावशी.”

“माझा नवराही हेच म्हणायचा.”



मी रांगेतून जाऊन खिडकी लावून घेतली.