मधे म्हैस

नूतन : भुरे, त्यांना सांग, शहाद्याहून ॲम्ब्युलन्स निघालीय. दोन कपडे पिशवीत भरून ठेवा म्हणावं.

चुनीलाल : भुरी, तिले सांग, गाडी माघारी धाड. मी कोठेच जात नही.

(एप्रिल २०२१, ब्राह्मणपुरी. गोठ्यालगतच्या खोलीत कोरोना झालेले चुनीलाल, आतून कडी लावून. बाहेर त्यांची सून नूतन, गावच्या शाळेतली शिक्षिका, तोंडावर पदर. या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, मधे कुणीतरी लागतं. सध्या मधे भुरी म्हैस आहे.)

नूतन : भुरे, बोटाला यंत्र लावलं का, विचार.

चुनीलाल : लावं. चांगलं उनं.

नूतन : चांगलं म्हणजे किती? आकडा विचार.

चुनीलाल : म्हैसले... आकडा... काय समजस?

नूतन : म्हशीला नसेल समजत. पण ज्यांची बांधावरची हाक नदीपल्याड जायची, त्यांचं एक वाक्य आज दोनदा तुटतंय. ते मला समजतं.

चुनीलाल : पंच्याऐंशी.

नूतन : भुरे, कडी काढायला सांग त्यांना.

चुनीलाल : तिन्ही सासू सरला बी असाच पिशवी लिसन गाडीमा बठनी. ऊनी का परत?

नूतन : नाही आल्या.

चुनीलाल : मरानं भेव नही माले. पन तठे तिन्हाशी कोणी बोलनं नही, नूतन. भिंतकडे तोंड करी पडेल व्हती, असं फोनवर सांगं दवाखानावालासनी. आख्खा जलम बडबड करनारी बाई. माले असं मरानं नही.

नूतन : बापू.

चुनीलाल : ...काय म्हनी तू?

नूतन : बापू म्हटलं. म्हशीला राहू द्या आता. मी येतेय तुमच्यासोबत.

चुनीलाल : तुले कोण आत येऊ दी?

नूतन : देतील. सकाळच्या तपासणीत मीही पॉझिटिव्ह निघाले. दोन खाटा मागितल्यात, शेजारशेजारच्या.

चुनीलाल : अरे देवा. आनि पोरे?

नूतन : धानोऱ्याला, माझ्या आईकडे. हे आजारी पडले तेव्हाच धाडलीत. दूध शेजारच्या रमिलाबाई काढतील.

चुनीलाल : हेमकांतले सांगं का?

नूतन : सांगितलं. नंदुरबारला खाटेवर उठून बसलेत आता. म्हणाले, बाप माझा हट्टी आहे, ऐकायचा नाही. मी म्हटलं, बघू.

चुनीलाल : आनि लोके काय म्हनतीन? दिनभर सासरासमोर उघडं तोंड...

नूतन : उघडं कुठं? मास्क आहे ना. आता तर सरपंचही घुंगट घेऊनच फिरतात.

चुनीलाल : हसाडू नको. खोकला येस.

नूतन : खोका. पण उठा.

चुनीलाल : शाळामा पोरेसशी दिनभर बोलस. मन्हाशी अकरा वरीसमा एक शब्द नही. तठे काय बोलशी?

नूतन : अकरा वर्षांचं साचलंय, बापू. त्यातलं निम्मं भांडण आहे. तुम्ही धडधाकट झाल्याशिवाय ते काढायचं नाही असं ठरवलंय मी.

चुनीलाल : कसानं भांडन?

नूतन : गाडी आली. कडी काढा, हात द्या माझ्या हातात.