नवरदेव कुठं गेला?

लग्नाच्या निमंत्रणपत्रिका तयार करायचं खुलं, फुकट सॉफ्टवेअर बनवणारी प्रेरणा बीदरच्या स्टँडवर रांगेत उभी होती. पुढच्या दोघांचं बोलणं कानावर आलं आणि तिनं कान टवकारले.

"गिरिधरअण्णा, पत्रिकेतून नवरदेवाचंच नाव गायब व्हायलंय, हे त्या सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं का न्हाई?"

"कळवलं की प्रणेश. 'पत्रिका बिघडली आहे, त्वरित कार्यवाही व्हावी.'"

"एवढंच?"

"व्हय. तर उलट मलाच विचारायलेत, 'तुम्ही नेमकं काय केलं होतं?'"

"मग सांगायचं की."

"अरे, जनम कचेरीत गेला माझा. असल्या नोटिशीला उत्तर कसं द्यायचं, ते मला शिकवू नको. लिहिलं, 'मी काहीही केलेलं नाही. त्या वेळी मी संगणकाजवळ नव्हतो.'"

"कामून? नाव तर तुम्हीच टाइप केलं!"

"ते त्यांना कुठं ठाऊक हाय?"

"आज पत्रिका छापायची हाय, अण्णा! पुढं काय म्हणले?"

"म्हणले, 'मग जे संगणकाजवळ होते, त्यांचं नाव कळवा.'"

"मग?"

"तुझं दिलं."

प्रेरणानं प्रणेशच्या खांद्यावर हळूच टिचकी मारली.

"तुम्हीच का ते प्रणेश? सकाळधरनं तुम्हालाच हुडकायलेय मी."