कडक निघालेले दांडे

(मांडणीवरून स्टीलचा पेला घरंगळत फरशीवर पडतो. धम्मशीला नुकतीच कारखान्यातून घरी आलेली आहे; नवरा सुगत आणि मुलगी अर्पिता घरातच आहेत.)

धम्मशीला : राहू द्या, मी उचलते. तुमी आधी सांगा, मी नापास म्हणून लाल रंग लावून बाजूला काढलेले व्हॉल्व्हचे दांडे कुठं गेले?

सुगत : कारखाना कारखान्यात ठेव की, शीला.

धम्मशीला : आपल्या अर्पिताच्या तापात मी घरी होते. आज कामावर गेले तर कोपरा रिकामा. आपल्या खात्यातले रंगनाथदादा म्हणले, सुगतसाहेबांनी रंग पुसून दांडे व्हॉल्व्हात बसवले, मालाची गाडी बी लावून दिली.

सुगत : माल घेणारी पार्टी लय बोंबलायली होती.

धम्मशीला : अन् ठसा? तपासून पास केल्याचा ठसा माझ्याकडं असतो.

सुगत : तुझ्या डब्याच्या पिशवीत होता.

धम्मशीला : मी पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवायले, अन् तुमी माझ्या पिशवीत हात घातला!

सुगत : अगं, कडकच निघाले होते ना? मऊ तर न्हवते! कडक मालाला कोणी नावं ठेवतं व्हय?

धम्मशीला : चहा हाय का तो, कडक पाहिजे म्हणायला? सडक्या अंड्यासारखा वास मारणारा गॅस जातो त्या व्हॉल्व्हातून. स्टेनलेस असलं तरी कडकपणा मोजायच्या मशीनवर आकडा बावीसच्या वर गेला की त्या गॅसात आतून चिरतं. गंजत न्हाई, वाकत न्हाई, काडकन तुटतं. अन् तो गॅस छातीत गेला की माणूस जागीच. हे मला कोणी शिकवलं?

सुगत : ...म्याच.

धम्मशीला : मशीनवरच्या पहिल्या दिवशी. ‘हितं नरम तेच मजबूत,’ म्हणला होता. तेवढ्या बोलण्यावर भाळले मी.

सुगत : परत भट्टीत घालून नरम करायला टाइम न्हवता गं. मालक म्हणले, आज गाडी न्हाई तर उद्या तू बी न्हाई.

धम्मशीला : मग स्वतःची सही करायची. माझा ठसा कशाला?

सुगत : तुझा ठसा दिसला की कोणी दुसऱ्यांदा तपासत न्हाई. म्हणून.

धम्मशीला : ...फोन द्या इकडं. त्या पार्टीनं अजून व्हॉल्व्ह बसवले नसतील.

सुगत : अन् ठसा कोणी मारला, म्हणून विचारलं तर?

धम्मशीला : फोन द्या.

अर्पिता : आई, तू पप्पाचं नाव सांगणार का?