एक मिनिट पन्नास सेकंद

...नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हलतो — इकडे खिडकीपाशी बसा. आणि आवाजाची काळजी करू नका, आतल्या खोलीत आई आहे पण तिला ऐकू येत नाही, कानातलं यंत्र काढून झोपलीय — बरंच आहे म्हणा, तिला अजून काही माहीत नाही. तिला वाटतं मी सुट्टीवर आहे. तर तुम्ही विचारत होतात, गुरुजी आणि मी, आमचं काही भांडण होतं का. भांडण कसलं हो? एकोणीस वर्षं एका खोलीत बसून काम केलंय आम्ही. आधी ते शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळं इस्पितळ त्यांना गुरुजीच म्हणतं. मला प्रोग्राम लिहायला त्यांनी शिकवलं. माझे वडील गेले तेव्हा सगळी धावपळ त्यांनी केली — सख्खा भाऊ काय करेल तेवढी. म्हणून तर म्हणते, परक्याने मारलं तर माणूस ओरडतो तरी.

काम काय होतं ते चौकशी समितीतल्या कुणालाच नीट कळलेलं दिसत नाही, तुम्ही पेपरवाले तरी ऐका. इस्पितळाचे सात विभाग, आणि प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं. रुग्णाची नोंद येते ती डब्यात डबा, त्यात आणखी डबा, अशी — नाव, वय, तपासण्या, औषधं, कुठलं औषध चालत नाही ते. आमचा प्रोग्राम ते सगळे डबे उघडतो आणि वॉर्डातल्या सिस्टरला पडद्यावर दिसतो तो एकपानी तक्ता तयार करतो. साडेसातला नोंदी यायच्या, अकराशे रुग्ण, बेचाळीस मिनिटं लागायची. आणि डॉक्टरांची फेरी आठला. म्हणजे कालचा तक्ता पाहून डॉक्टर आजच्या रुग्णापुढे उभे. गुरुजी एक दिवस म्हणाले, "बघ गं जरा, याला पाय फुटतात का."

मी बघितलं. तर प्रोग्राम काय करायचा — प्रत्येक रुग्णासाठी नियमांची फाइल पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायचा. अकराशे वेळा. शिंप्याने प्रत्येक टाक्याला मापाची वही उघडावी तसं. मी म्हटलं, एकदाच वाच आणि लक्षात ठेव — बेचाळीसची एकोणीस झाली. मग दिसलं की एक रकाना शोधायला तो दरवेळी सगळे डबे वरपासून उचकतो. कुठे काय आहे याची सुरुवातीलाच यादी करून दिली — सात मिनिटं. मॅडम, त्या दिवशी मी जेवले नव्हते, पण भूक म्हणून लागली नाही. तुमच्या कामात असं होतं का कधी? नसेल. असो.

तिथेच थांबायला हवं होतं. सात मिनिटं पुष्कळ होती, आठच्या आत तक्ता तयार. पण गुरुजींनी विश्वस्तांच्या बैठकीत सांगून टाकलं होतं, दोन मिनिटांच्या आत आणू — मला न विचारता. खोलीत येऊन म्हणाले, "तू आहेस म्हणून बोललो. दुसरं कोण करणार?" झालं, चढले मी हरभऱ्याच्या झाडावर. ज्या रुग्णाच्या नोंदीत काही बदल नाही त्याचा तक्ता पुन्हा करायचाच कशाला, कालचाच द्यावा — इथवर ठीक. पण बदल झालाय की नाही हे कळणार कसं? सगळी नोंद ताडून पाहिली तर चार मिनिटं. आणि नोंदीच्या माथ्यावर 'शेवटचा बदल' म्हणून तारीख-वेळ असते, तेवढीच पाहिली तर एक मिनिट पन्नास सेकंद.

सहा विभागांची तारीख चोख होती. सातव्याची नव्हती. त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, आणि रुग्णाला न चालणारी औषधं ज्या पानावर भरतात ते पान तारखेला हातच लावत नाही. हो, मला माहीत होतं. मी तपासलं होतं ना, मला माहीत नसेल तर कुणाला? आणि मी गुरुजींना सांगितलं होतं. सोमवारी, जिन्यात. कागद? मी काल समितीला म्हटलं खरं की लेखी दिलं होतं. लेखी म्हणजे — तसं कागदावर नाही. तोंडी. पण स्वच्छ शब्दांत सांगितलं, सातव्या विभागाची तारीख भरवशाची नाही. ते म्हणाले, "तू चढव प्रोग्राम, सातव्या विभागाचं माझ्याकडे लागलं. आठवड्यात दुरुस्त करून घेतो." एकोणीस वर्षांत मी त्यांच्याकडून कधी काही लेखी घेतलं नव्हतं. आपण घरच्या माणसाकडून पावती मागतो का?

आणि बुधवारी, ऐका हं, बुधवारी म्हणाले, "प्रोग्रामच्या माथ्यावर आपल्या दोघांची नावं आहेत, त्यातलं माझं काढ. सगळं तू केलंस, श्रेय तुझंच." माझे डोळे भरून आले हो. घरी येऊन आईच्या कानाशी ओरडून सांगितलं, बघ किती मोठं मन आहे. शुक्रवारी विश्वस्तांपुढे प्रोग्राम चालवून दाखवला, माझं एकटीचं नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या, गुरुजी मागच्या रांगेत बसून हसत होते. सोमवारी सांगितलं, बुधवारी नाव काढलं. हा हिशेब मला कधी जमला माहितेय? परवा. समितीसमोर, ते माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते तेव्हा. "मला याची काहीच कल्पना नव्हती. मी तिच्यावर आंधळा विश्वास टाकला, एवढीच माझी चूक." कानांवर हात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते असं, रक्तही दिसत नाही.

ज्याच्यामुळे ही चौकशी लागली त्या रुग्णाला तुम्ही भेटलात? चष्म्याच्या दुकानात काच घासून बसवायचं काम करतो. मी गेले होते. माझा वकील नको म्हणाला होता, तरी गेले. सातव्या विभागात त्याच्या बायकोने दुपारी सांगितलं, याला अमुक इंजेक्शन चालत नाही, त्यांनी भरलंही. सकाळी प्रोग्रामने तारीख पाहिली, बदल नाही म्हणाला, आणि कालचा तक्ता दिला — रकाना रिकामा. सिस्टरने तक्ता पाहूनच इंजेक्शन दिलं, तिचा काय दोष? अकरा दिवस तो श्वासाच्या यंत्रावर होता. आता घरी आलाय, चालतो, बोलतो. हात थरथरतो. मी कोण ते न सांगता बसले होते, तर पाणी त्यानेच आणून दिलं, अर्धं सांडलं, आणि मलाच म्हणाला, माफ करा. जुना प्रोग्राम बेचाळीस मिनिटं घ्यायचा, पण खोटं बोलत नव्हता.

म्हणून म्हणते, गुरुजींना माहीत होतं. पुरावा हवाय? पुरावा होता. त्या तारखेच्या ओळीच्या वर मी प्रोग्राममध्येच लिहून ठेवलं होतं — 'सातवा विभाग: तारखेवर विसंबू नये, गुरुजींना कळवले आहे.' जो कोणी उघडेल त्याला दिसेल असं. आता नाही ती ओळ. काढली. शुक्रवारच्या आधी काढली, मोठ्या पडद्यावर सगळं दिसणार होतं, तर गुरुजी म्हणाले की — नाही. थांबा.

ते नव्हते म्हणाले. ते त्या दिवशी रजेवर होते. मीच काढली. विश्वस्तांतल्या कुणी ती वाचून विचारलं असतं, हे काय, तर तारखेची युक्ती मागे घ्यावी लागली असती, पुन्हा चार मिनिटं झाली असती. चार मिनिटांना कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या. म्हटलं, पुढच्या सोमवारी परत घालू. मग सोमवारी... मला खरंच आठवत नाही सोमवारी काय झालं.

हे तुम्ही लिहिलंत? खोडा ते — म्हणजे, गुरुजींनी केलं त्याच्याशी याचा काय संबंध? त्यांना माहीत होतं हे खरंच आहे, ते खोटं बोलले हे खरंच आहे. ती ओळ असती तर आज ते कुठे बसले असते?

नका खोडू. राहू दे. आई उठलीय बहुतेक, तिला यंत्र लावून द्यायचंय. तुम्ही निघा आता.